खिडकीतली ओढणी : ऐरोलीतल्या एका घराचे आठ आठवडे

आमच्या सोसायटीतल्या एका कुटुंबावर २०२५ च्या गौरी-गणपतीत अचानक अडचण आली आणि ती दिवाळी संपेपर्यंत पुरली. त्या काळात शेजाऱ्यांनी जे केलं, त्यातलं काय उपयोगी पडलं आणि काय फसलं, ते इथे लिहिते आहे. आजूबाजूच्या सेक्टरांतल्या दोन महिला मंडळांनी 'तुम्ही नेमकं काय केलंत' असं विचारलं होतं. मी अंगणवाड्यांवर मुख्यसेविका म्हणून नोकरी केली, त्यामुळे वहीत टिपणं ठेवायची सवय आहे. घरच्यांची परवानगी घेतली आहे, नावं मात्र लिहीत नाही. मुलाला घरात दादा म्हणतात आणि त्याच्या बहिणीला छोटी. इथेही तेच चालू ठेवते.

घर असं : वडील रबाळ्याच्या औद्योगिक पट्ट्यात एका कंपनीत पाळीने कामाला. आई घरी ब्लाउज शिवते, त्यामुळे अख्ख्या विंगची ती 'ताई'. दादा नऊ वर्षांचा, चौथीत. छोटी साडेतीन वर्षांची. तिसऱ्या बाळाची चाहूल लागली होती. सासू पाटण तालुक्यातल्या गावी. सोयाबीन आणि भाताची कापणी तोंडावर आलेली, त्यामुळे पंधरा दिवसांच्या वर तिला राहता येणार नव्हतं. ताईच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. म्हणजे नातेवाईक होते, मायेचेही होते, पण हाताशी कुणी नव्हतं. सिडकोच्या वसाहतींमधून अशी घरं मी कितीतरी पाहिली आहेत.

गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, ३ सप्टेंबरला पहाटे, ताईला रक्तस्राव झाला. एकोणतिसावा आठवडा होता. सोनोग्राफीत दिसलं की वार (प्लॅसेंटा) खाली, गर्भाशयाच्या तोंडावर आहे. चार दिवस रुग्णालयात ठेवलं, बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं दिली आणि अटी घालून घरी पाठवलं. जड उचलायचं नाही, जिने चढायचे नाहीत, ओट्यापाशी उभं राहायचं नाही, बद्धकोष्ठ होऊ द्यायचा नाही, एकटं तर मुळीच राहायचं नाही. पुन्हा रक्त दिसलं तर वेदनांची वाट न बघता लगेच निघायचं, कारण या दुखण्यात बहुतेक वेळा पोटात दुखतच नाही, नुसतं रक्त जातं. सगळं नीट राहिलं तर छत्तीस आठवड्यांनंतर सिझेरियन. म्हणजे दिवाळीच्या आसपास.

पहिला आठवडा

पहिल्या आठवड्यात मदत इतकी आली की घर गुदमरलं. एका सकाळी उपमा आणि शिरा मिळून पाच डबे आले, संध्याकाळी मात्र पोळी-भाजीचा एकही नाही. विंगच्या ग्रुपवर कुणीतरी ताईच्या तब्येतीची सगळी हकिकत टाकली, वार वगैरे शब्दांसकट. तिला ते फार लागलं. 'काकू, आता लिफ्टमध्ये सगळे माझ्या पोटाकडेच बघतील,' असं ती मला म्हणाली. ते साहजिक होतं. बाईच्या दुखण्याची वार्ता तिला न विचारता चारचौघांत जाऊ नये, एवढं आपल्याला कळायला हवं होतं.

आणि जो येई तो दारातून म्हणे, 'काही लागलं तर सांगा हं.' हे वाक्य मनापासून येतं, पण ते ओझं समोरच्याच्या डोक्यावर ठेवून जातं. पडून राहिलेल्या बाईने कुणाला काय सांगायचं? कुणाची भीड पडेल, कुणाचा स्वयंपाक कधी होतो, कुणाच्या सुनेला चालेल, हा हिशेब ती करत बसली. त्या पहिल्या आठ दिवसांत तिने एकदाही काही मागितलं नाही.

आठव्या दिवशी मी एका मोठ्या कागदावर वार आणि वेळा आखल्या आणि विंगमधल्या प्रत्येक घरी जाऊन विचारलं, 'तुम्हाला कोणता वार जमेल?' काय करता येईल असं विचारलं की लोक विचारात पडतात. वार विचारला की लगेच उत्तर येतं. बी-विंगच्या काकूंनी सोमवार-गुरुवारची दुपार घेतली. तळमजल्यावरच्या काकांनी दादाला शाळेत सोडण्याचं काम घेतलं, कारण ते तसेही त्या वेळी दूध आणायला जातात. महाविद्यालयात जाणारी एक मुलगी वडिलांची रात्रपाळी असेल तेव्हा तिथे झोपायला जायची, आणि तिथे तिचा अभ्यासही होई. एक घर नुसतं पाणी भरून ठेवायचं. ज्यांना काहीच जमत नव्हतं त्यांनी तसं सांगितलं आणि त्यांच्याबद्दल कुणी काही बोललं नाही, यालाही मी मोल देते. कागद फ्रिजवर लागला. मोठ्या ग्रुपवरची चर्चा थांबवून सहा जणांचा वेगळा ग्रुप केला, त्यात काय लिहायचं ते ताई ठरवायची.

डब्यांबद्दल एक सांगते. आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत. ताईला उठून काही करता येत नव्हतं, पण खिडकीच्या ग्रिलमध्ये तिची कढीपत्त्याची कुंडी होती. ती छोटीकडून चार काड्या तोडून घ्यायची, धुतलेल्या डब्यात ठेवायची आणि झाकण लावायची. दीड महिना आमच्या विंगमधल्या बहुतेक फोडण्या त्याच कढीपत्त्याच्या झाल्या. कुणी 'कशाला गं' म्हटलं की तिचा चेहरा उतरे, म्हणून मी सगळ्यांना बजावलं होतं की तसं म्हणायचं नाही. घटस्थापनेच्या आधीचे तिच्याकडचे अकरा ब्लाउज दुसऱ्या एका शिवणाऱ्या बाईने पूर्ण केले. कापड बेतलेलं होतं, तिने शिलाई घातली, हुक लावले आणि मजुरी दोघींनी वाटून घेतली. यात उपकाराची भाषा आली नाही, म्हणून ताईने ते स्वीकारलं.

रक्ताची तयारी हा भाग घाईत राहून जातो, म्हणून थोडं विस्ताराने. ताईचा गट ओ निगेटिव्ह. तिला दुसऱ्या कुठल्याही गटाचं रक्त चालत नाही आणि हा गट मुळात दुर्मीळ. दोन्ही विंगमध्ये शोधल्यावर तिघे सापडले. त्यातल्या एकाने १५ ऑगस्टच्या शिबिरात रक्त दिलं होतं. पुरुषांना दोन वेळांमध्ये ९० दिवस थांबावं लागतं, म्हणजे तो १३ नोव्हेंबरपर्यंत बाद. उरलेल्या दोघांना आम्ही विनंती केली की मधल्या काळात कुठे शिबिरात देऊ नका. एक बाई होत्या. त्यांचं वजन ४५ किलोच्या वर होतं, पण हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली भरलं. त्यांनी ते मनावर घेतलं आणि महिनाभर औषध-आहार सांभाळला. रक्तपेढीत आधीच जाऊन बोललो. ऐनवेळी फोनाफोनी करण्याची पाळी आली नाही.

छोटीच्या बाबतीत आम्ही चुकलो. तिला रोज वेगळ्या घरी ठेवत होतो, सगळ्यांवर सारखा भार पडावा म्हणून. चार घरं, चार तऱ्हा. एकीकडे टीव्ही लावून जेवण, दुसरीकडे टीव्ही बंद. एकीकडे दुपारी झोप सक्तीची, दुसरीकडे नाही. दहा दिवसांत पोर चिडचिडी झाली, कुणी उचललं की अंग टाकून द्यायची. मग ठरवलं की काहीही झालं तरी तिने समोरच्या दारच्या मावशींकडेच राहायचं, आणि बाकीच्यांनी मावशींची कामं वाटून घ्यायची. चार दिवसांत फरक पडला. लहान मुलाला एक पदर लागतो.

शहाणा मुलगा

सगळ्यांचं लक्ष ताईकडे आणि छोटीकडे. दादाची काळजी कुणालाच वाटत नव्हती, कारण तो फार शहाण्यासारखा वागत होता. आईला पाणी देई, गोळ्यांची वेळ सांगे, छोटीचे बूट घाली. खाली खेळायला येणं त्याने बंद केलं होतं. येता-जाता प्रत्येक जण म्हणे, 'किती समजूतदार झालाय हो!' तो नुसता मान हलवी.

माझ्या लक्षात आलं ते वेगळ्याच कारणाने. त्याची वही माझ्याकडे अभ्यासाला आली, त्याच्या मागच्या पानावर काड्या मारलेल्या होत्या. पाच-पाचचे गठ्ठे, आपण मोजदाद करताना मारतो तशा. विचारलं तर सांगेना. दोन दिवसांनी हळूच म्हणाला, 'आई किती वेळा बाथरूमला गेली ते.' आई बाथरूममधून बाहेर येईपर्यंत तो दाराशी उभा राही. रात्री उठून तिच्या नाकाशी हात धरून बघे. नखं कुरतडून बोटांची टोकं लाल झाली होती. शाळेतून निरोप आला होता की तो वर्गात पेंगतो.

३ सप्टेंबरच्या पहाटे, ताईला गाडीत घालताना, मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले होते, 'आता तू मोठा. आईला तूच सांभाळायचंस.' धीर द्यायला म्हणाले होते. त्याने ते शब्दशः घेतलं. इतकी वर्षं मुलांमध्ये काढूनही ते माझ्या तोंडून गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं. नऊ वर्षांच्या मुलाने आई जगते की मरते यावर पहारा द्यायचा नसतो. आणि आपण त्या पहाऱ्याचं कौतुक करत राहिलो, तर त्याला तो सोडताही येत नाही.

ताईशी बोलले. ती रडली, मग म्हणाली, 'त्याला खाली पाठवा काकू. माझं ऐकत नाही.' नुसतं 'जा खेळ' म्हणून तो जाणार नव्हता. त्याला असं काहीतरी हवं होतं जे त्याच्यावाचून अडेल, आणि ज्यात आईचा जीव टांगलेला नसेल.

खांदेरी

दसरा झाला, परीक्षा संपत आली आणि मुलांमध्ये किल्ल्याची बोलणी सुरू झाली. त्या वर्षी जुलैत युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशातले १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले होते, ११ महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला जिंजी. शाळेत त्याचा तक्ता लागला होता, त्यामुळे मुलांनी ठरवलं की बारातलाच एक करायचा. रायगड, प्रतापगड दरवर्षी होतात. मी विचारलं, 'पाण्यातला कुणी केलाय?' कुणीच केला नव्हता. सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, खांदेरी अशी नावं निघाली आणि खांदेरीवर एकमत झालं. नकाशा काढणारा कुणी नव्हता. दादाचा हात चित्रात चांगला. त्याच्याकडे दोन मुलगे आणि एक मुलगी गेले आणि म्हणाले, 'तू नाही आलास तर आम्हाला जमणार नाही.' मी पाठवलं होतं हे खरं, पण जमणार नव्हतं हेही खरंच होतं.

'आईला कोण बघणार?' हा त्याचा पहिला प्रश्न. फ्रिजवरच्या कागदावर संध्याकाळी पाच ते सातच्या खान्यात रोज एक नाव होतं, ते दाखवलं. त्याचं समाधान झालं नाही. पहिल्या दिवशी तो दर दहा मिनिटांनी चिखलाच्या पायांनी वर जाऊन आला, लिफ्टमध्ये माती, जिन्यात माती. त्यावरून एका गृहस्थांची कुरकुरही झाली.

उपाय ताईनेच काढला. किल्ल्याची जागा कंपाउंडच्या भिंतीशी होती आणि तिची खिडकी बरोबर वर, दुसऱ्या मजल्यावर. ती म्हणाली, 'गडावर निशाण असतं ना? मी पिवळी ओढणी ग्रिलला बांधते. ती दिसतेय तोवर गड शाबूत. वर यायचं नाही, नुसतं बघायचं.' आणि पुढचं आम्ही सगळ्यांनी त्याला न लपवता सांगितलं : रुग्णालयात जायची वेळ आली तर जी काकू बसली असेल ती ओढणी सोडेल, तेव्हा त्याने वर धावायचं नाही, आजीकडे, म्हणजे माझ्याकडे यायचं. 'काही होणार नाही रे' असं कुणी म्हणालं नाही. होऊ शकतं हे त्याला माहीत होतं. झालं तर कुणी काय करायचं हे मात्र त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

पहिल्या दोन दिवसांत तो वर बघत बघतच माती कालवत होता. तिसऱ्या दिवशी मी गॅलरीतून पाहिलं, अर्धा तास त्याची मान वर गेली नाही.

किल्ला छान झाला. खाली फुटक्या विटा आणि फरशांचे तुकडे, त्यावर मातीच्या रबडीत भिजवलेलं गोणपाट, वर चाळलेली लाल माती. तटबंदीसाठी दादाने मातीच्या पट्ट्या पट्टीने कापल्या आणि आइस्क्रीमच्या काडीने एकेक चिरा ओढला. जिभेचं टोक ओठांतून बाहेर, श्वास रोखलेला. समुद्रावरून भांडण झालं. काहींना निळी रांगोळी हवी होती, दादाला खरं पाणी, कारण त्याला होड्या सोडायच्या होत्या. गणपती मंडळाचा जुना फ्लेक्स उलटा अंथरून कडा विटांवर वळवल्या. पहिल्या रात्री तो एका कोपऱ्यातून गळला आणि शेजारी लावलेल्या स्कूटरखाली तळं झालं. तक्रार आली. मुलांनी जाऊन माफी मागितली, जागा पुसली आणि कोपरा दुहेरी दुमडला. सचिवांनी 'किल्ला हलवा' म्हटलं नाही, याबद्दल त्यांचे आभार मानायलाच हवेत. पेव्हर ब्लॉक खराब होतात म्हणून पुष्कळ ठिकाणी हल्ली किल्ल्याला जागाच मिळत नाही.

होड्यांचं कारण दादाने मला सांगितलं. १६७९ मध्ये महाराजांनी खांदेरीवर तट बांधायला घेतला तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी जहाजं आणून बेटाची कोंडी केली. त्यांची जहाजं मोठी. मराठ्यांच्या लहान होड्या मात्र रात्री अंधारात, वल्ही मारत, उथळ पाण्यातून रसद घेऊन बेटावर जायच्या. मोठ्या जहाजांना त्यांच्यामागे जाता येईना आणि बेट टिकलं. त्याने कागदाच्या चौदा होड्या केल्या होत्या. तळाशी पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं दिसलं, म्हणून एक उचलली. 'बी-विंग काकू, सोमवार' असं लिहिलं होतं. दुसरीवर 'दूधवाले काका'. फ्रिजवरचा सगळा कागद त्याने होड्यांवर उतरवला होता. मी त्याला काही बोलले नाही. होडी परत पाण्यात ठेवली.

१४ ऑक्टोबर

१३ तारखेला मुलांनी आळीव पेरले. मोहरी उतारावरून घरंगळते, आळीव भिजवला की बुळबुळीत होऊन मातीला चिकटून बसतो, म्हणून तटाच्या उतारावर आळीवच हवा. किराणा दुकानातून पाव किलो आणला होता, त्यातला मूठभर लागला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पावणेसहाला माझ्या दाराची बेल वाजली. दादा उभा, दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले. म्हणाला, 'आजी, ओढणी नाही.' आवाज स्थिर होता, हनुवटी थरथरत होती.

वर सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. कागदपत्रांची पिशवी दाराशीच टांगलेली असे, गाडीची किल्ली पहिल्या मजल्यावरच्या घरी. बसलेल्या काकूंनी ओढणी सोडली, एक फोन केला, आणि ताईला खुर्चीत बसवून लिफ्टने खाली आणलं. ठाणे-बेलापूर रस्ता त्या वेळी भरलेला असतो, म्हणून रस्ता ओळखणारा माणूस चालवायला घेतला. गाडीत बसताना ताईने दादाला जवळ बोलावलं, ओढणी त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, 'ही आता तुझ्या गडावर लाव. मी डॉक्टरांच्या गडावर चालले.' तो रात्री माझ्याकडे झोपला. झोपण्यापूर्वी खूप रडला. सहा आठवड्यांत मी त्याला पहिल्यांदाच रडताना पाहिलं, आणि मला हायसं वाटलं.

रक्तस्राव थांबला, पण ताईला रुग्णालयातच ठेवून घेतलं. वसुबारसेला आळीव बोटभर वर आला होता. आकाशकंदिलाच्या काठीला ओढणी गुंडाळून दादाने ती किल्ल्याच्या मागे रोवली, मावळे मांडले, आणि रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आईला किल्ला दाखवला. नरक चतुर्दशीची अंघोळ समोरच्या मावशींनी दोघांना घातली, उटणं लावून. भाऊबीजेला छोटीने रुग्णालयाच्या खाली वेटिंगच्या बाकावर त्याला ओवाळलं.

२४ ऑक्टोबरला सिझेरियन झालं. मुलगी. दोन पिशव्या रक्त लागलं आणि ते तयार होतं. बाळाला दोन दिवस श्वासावर लक्ष ठेवायला काचेत ठेवलं, मग आईजवळ दिलं. ३० तारखेला सगळे घरी आले.

किल्ला तोवर ठेवला होता. आळीव पिवळा पडून आडवा झाला होता, समुद्रात डासांच्या भीतीने पाणी उरलं नव्हतं, एक बुरूज मांजराने बसून बसून सपाट केला होता. दादाने मुलांना हात लावू दिला नव्हता. ताई गाडीतून उतरली, बाळ मावशींच्या हातात, आणि भिंतीशी उभी राहून सगळं बघत राहिली. दादा तिला बुरूज, दरवाजा, होड्या दाखवत होता. बाथरूमच्या काड्यांचं पान त्याने कधी फाडलं, ते मला कळलं नाही. वही पुन्हा हातात आली तेव्हा मागचं पान नव्हतं.

नखं तो अजून कुरतडतो. रात्री एखाद्या वेळी उठतोही. शाळेच्या समुपदेशक बाईंकडे दर पंधरा दिवसांनी जातो आहे, आणि वडील आठवड्यातून दोन संध्याकाळी त्याच्याबरोबर खाली येतात. फ्रिजवरचा कागद आम्ही नोव्हेंबरअखेर हळूहळू रिकामा केला, एकेक वार कमी करत. सगळं एकदम थांबवलं नाही.

किल्ल्यासाठी आणलेला उरलेला आळीव बी-विंगच्या काकूंनी जपून ठेवला होता. गरोदरपणात तो देत नाहीत, बाळंतिणीला मात्र हवाच. नारळाच्या पाण्यात भिजवून, ओलं खोबरं आणि गूळ घालून त्यांनी लाडू वळले आणि डबा दादाच्या हातात देऊन वर पाठवला. त्याने जिन्यातच झाकण उघडून पाहिलं आणि परत खाली येऊन विचारलं, 'काकू, हे आपल्या खांदेरीवरचेच ना?'